कनौजच्या राजाराणीचा ट्रेक

बायको गरोदर, दिवस भरत आलेले. सोबत सैनिक, नोकरचाकर, आणि वाटेत करमणूक हवी म्हणून नाचणाऱ्या बायका. जायचंय कुठे, तर साधारण ५,००० मीटर उंचीवरच्या एका खिंडीपलीकडे, जिथे वाटेत गाव नाही, निवारा नाही आणि शेवटचे दोन-तीन दिवस तर जाळायला काटकीही नाही. आजच्या कुठल्याही ट्रेक लीडरने हा प्लॅन बघून कोपरापासून हात जोडले असते. पण प्लॅन करणारा राजा होता, आणि राजाला 'नको' कोण म्हणणार?

राजाचं नाव जसधवल, राहणार कनौज. राणीचं नाव बलंपा. गढवालमधल्या जुन्या गाण्यांत ही गोष्ट आजही गायली जाते. तिचा शेवट जिथे होतो ते ठिकाण ट्रेकिंग करणाऱ्या मराठी मंडळींना चांगलंच माहीत आहे. रूपकुंड! उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ शिखराच्या पायथ्याशी असलेलं एक छोटंसं तळं. वर्षातला बहुतेक काळ गोठलेलं. बर्फ वितळलं की काही आठवडे त्याच्या काठावर आणि तळाशी माणसांची हाडं दिसायला लागतात. दोन-चार नाही, शेकडो माणसांची.

एक जोडपं डोंगरात फिरायला (बरं, यात्रेला) गेलं आणि परत आलं नाही, ही गोष्ट आपल्याला लगेच पटते, कारण पेपरात अशा बातम्या आपण वाचत असतो. पण या जोडप्याच्या गोष्टीचं पुढे जे झालं ते मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. आधी देवाने तिचं कारण सांगितलं, मग इंग्रजांनी, मग टीव्हीने, मग डीएनएने. आणि प्रत्येक वेळी आधीच्याला वाटत होतं की केस क्लोज झाली.

आधी गोष्ट नीट सांगतो. नंदादेवी ही गढवाल-कुमाऊंची लेक. लग्न झालं शंकराशी, सासर कैलास. आपल्याकडे गौरी तीन दिवस माहेरपणाला येतात, तिकडे उलट आहे. लेकीला सासरी पोचवायला अख्खा मुलूख निघतो. दरवर्षी छोटी यात्रा असते. आणि बारा वर्षांनी एकदा मोठी, तिला राजजात म्हणतात. बारा वर्षं हे म्हणायला, प्रत्यक्षात १९८७, २००० आणि २०१४ अशा जाती झाल्या. नौटी गावातून निघायचं, पुढे चार शिंगांचा मेंढा, मागे देवीची पालखी आणि हजारो माणसं. जवळपास तीन आठवडे पायी. वाण हे शेवटचं गाव. मग बेदनी बुग्याल (बुग्याल म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण), पातर नचौनी, कालू विनायक, रूपकुंड, मग जुनारगलीची खिंड ओलांडून पलीकडे होमकुंड. तिथे मेंढ्याला एकट्याला सोडून देतात आणि माणसं मागे फिरतात. निरोप देताना बायका खरोखर रडतात म्हणे. पाठवणीच असते ती.

तर कनौजचा राजा या यात्रेला निघाला. कथेचे पाठ अनेक आहेत. एकात राज्यावर देवीचा कोप झालेला असतो आणि तो फेडायला राजा निघतो. राणी त्याच मुलखातली, म्हणजे तिच्यासाठी हा माहेरचा रस्ता. पण राजाने यात्रेची सहल केली. नेम पाळले नाहीत. वर एका जागी मुक्काम टाकून नाच ठेवला. देवीने नाचणाऱ्या बायकांना तिथल्या तिथे गडप केलं, आणि त्या जागेचं नाव पडलं पातर नचौनी, पातर म्हणजे नाचणारी. त्याच्यावर थोडं पुढे राणी बाळंत झाली. आता देवीच्या पवित्र डोंगरात बाळंतपण म्हणजे सोयर! तोच विटाळ झाला. नंदा भयंकर रागावली आणि तिने आकाशातून लोखंडासारख्या टणक गारा पाडल्या. राजा, राणी, बाळ, फौज, सगळे रूपकुंडाच्या घळीत मेले.

या गाण्यांचा पद्धतशीर अभ्यास विल्यम सॅक्स नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने केलाय. तो स्वतः यात्रेत चालला आणि १९९१ साली त्याचं त्यावरचं पुस्तक आलं. गाण्यांचं त्याने टिपलेलं महत्त्व एवढंच की ही पर्यटकांसाठी रचलेली दंतकथा नाही, तिथल्या लोकांच्या रोजच्या श्रद्धेचा भाग आहे.

आता दुसरं टोक. १९४२ साली एच. के. मधवाल नावाचा वनखात्याचा रेंजर तिथे पोचला आणि त्याला हाडांचा खच दिसला. साल बघा, दुसरं महायुद्ध. इंग्रजांना पहिली भीती वाटली ती ही की हे जपानी सैनिक असणार, हिमालयातून घुसायला निघालेले. तपासल्यावर कळलं की हाडं बरीच जुनी आहेत. झाली जपानी थिअरी रद्द. मग डोग्रा सेनापती जोरावरसिंगाचं नाव पुढे आलं, ज्याने १८४१ मध्ये तिबेटवर स्वारी केली होती. त्याचे परतणारे सैनिक वाट चुकले असतील. कोणी महंमद तुघलकाच्या फसलेल्या हिमालयीन मोहिमेकडे बोट दाखवलं. गंमत म्हणजे हे सगळे तर्क सैन्याचे. एवढी माणसं एका जागी मेली म्हणजे सैन्यच असणार, असा सरळ हिशोब. पण सांगाड्यांमध्ये बायका होत्या, आणि बांगड्या, चामड्याची पायताणं अशा वस्तू सापडत होत्या. शस्त्रांचा मात्र पत्ता नव्हता. सैन्य असं हात हलवत जातं होय?

१९५० च्या दशकाच्या मध्यात लखनौ विद्यापीठाचे डी. एन. मजुमदार तिथे गेले. स्वामी प्रणवानंदांनीही त्या सुमारास फेऱ्या केल्या. हाडं काही शतकं जुनी आहेत हे कार्बन चाचणीने नक्की झालं आणि विषय पुन्हा थंड पडला.

२००४ च्या सुमारास नॅशनल जिओग्राफिक चॅनेलच्या निमित्ताने एक टीम वर गेली, आणि इथे आपला, म्हणजे मराठी माणसाचा, गोष्टीत प्रवेश होतो. दोन दारांनी होतो.

पहिलं दार पुण्याचं. डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे हे या टीममध्ये होते. जुनी हाडं वाचण्यात त्यांची हयात गेलेली. काही कवट्यांवर गोलसर, खोलगट तडे दिसले. तलवारीचे वार लांबट असतात, दरडीखाली सापडलेल्या माणसाची बाकीची हाडंही मोडतात. इथे घाव डोक्यावर, वरून खाली आलेले. वरून पडणारी गोल आणि जड वस्तू कुठली? गार! ऑक्सफर्डमधल्या कार्बन चाचणीने काळ आला इसवी सन ८५० च्या आसपास.

क्रिकेटच्या चेंडूएवढी गार असा उल्लेख तेव्हा सगळीकडे होता. जरा हिशोब करून बघा. चेंडूचा व्यास सव्वासात सेंटिमीटर धरला तर तेवढ्या बर्फाच्या गोळ्याचं वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे लेदर बॉलइतकंच किंवा थोडं जास्त. आणि तो पडतो ताशी शंभर किलोमीटरच्या वर. फास्ट बोलरचा बॉल, हेल्मेट नाही, आणि ओव्हर संपतच नाही. ही कल्पना अजिबात अशक्य नाही. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादेत झालेल्या गारपिटीत २४६ माणसं मेली. तेही सपाट प्रदेशात, जिथे पळून आडोशाला जाता येतं. रूपकुंड म्हणजे एक खोलगट वाडगा. तिथे आडोसा नावाचा प्रकार नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली मराठवाड्या-विदर्भातली गारपीट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना गारेची ताकद वेगळी सांगायला नको.

दुसरं दार जरा मजेशीर. हाडांच्या काही नमुन्यांची डीएनए तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत झाली, आणि बातमी आली की काही सांगाड्यांच्या डीएनएमधले बदल महाराष्ट्रातल्या कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतात. झालं! ई-मेल फॉरवर्डचे ते दिवस होते. 'बाराशे वर्षांपूर्वी हिमालयात कोकणस्थ' हा विषय पुण्यात किती चघळला गेला असेल याची कल्पना करा. उंच बांध्याचे, एकमेकांच्या नात्यातले यात्रेकरू आणि त्यांच्यासोबत ठेंगणे स्थानिक हमाल, असं चित्र रंगवलं गेलं. म्हणजे मोठं कुटुंब यात्रेला निघालं, पोर्टर घेतले आणि वाटेत गारपिटीत सापडलं.

बघा कसं सगळं जुळलं. गाण्यात गारा, कवटीवर गारा. गाण्यात परमुलखातली माणसं, डीएनएमध्ये परमुलखातली माणसं. गाण्यात एक राजा आणि त्याचा लवाजमा, विज्ञानात एक तारीख आणि एक घटना.

इथे थोडं थांबून माझ्या जिल्ह्याकडे येतो. मी बुलढाण्याचा. कथा आणि विज्ञान 'जुळल्याचा' आनंद किती फसवा असू शकतो हे बघायला आमच्या लोणारसारखी जागा नाही.

लोणारची कथा अशी. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या गुहेत लपून लोकांना छळायचा. विष्णूने त्याचा ठावठिकाणा काढला, पायाच्या अंगठ्याने गुहेवरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. ते भगदाड म्हणजे सरोवर. पाणी खारट का, तर लवणासुराचं रक्त त्यात मिसळलं म्हणून. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ याच विष्णूचं. आता विज्ञान. १८३० मीटर व्यासाचा हा खड्डा उल्केने पडला हे १९७३ साली पुराव्यानिशी मांडलं गेलं, बेसॉल्ट खडकातलं जगातलं एक दुर्मीळ उदाहरण. मग काय, आकाशातून आलेली शक्ती, फुटलेली जमीन, उडालेलं झाकण! म्हणजे आपल्या पूर्वजांनी उल्का पडताना बघितली आणि कथेत सांभाळून ठेवली, असं म्हणणारे लोक निघाले. विवराचं वय तेव्हा पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरत. ताणून बसवलं तर बसतंय.

२०११ साली आरगॉन पद्धतीने केलेली नवी मोजणी प्रसिद्ध झाली, आणि वय आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. आपल्यासारख्या माणसांची आतापर्यंत सापडलेली सर्वांत जुनी हाडंच तीन लाख वर्षांच्या आसपासची, तीही आफ्रिकेतली. म्हणजे बघायला कोणी माणूस तिथे असण्याचा प्रश्नच मिटला. लोणारची कथा ही आठवण नाही. एवढा मोठा गोल खड्डा आणि खारं पाणी रोज समोर दिसतंय, त्याचं काहीतरी कारण लागतं, म्हणून रचलेली ती कथा आहे. आधी खड्डा, मग दैत्य.

हाच प्रश्न रूपकुंडला लावून बघा. आधी राणी की आधी हाडं? राजजातीची वाट तळ्याच्या काठावरूनच जाते. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू ती हाडं ओलांडून गेले. बरोबर लहान मूल असेल तर ते विचारणारच, 'ही कोणाची हाडं?' त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. मग जसधवल आणि बलंपा ही आठवण आहे की उत्तर? कनौज त्या काळात उत्तर भारतातलं सर्वांत मोठं शहर होतं. प्रतिहारांची राजधानी. आपले राष्ट्रकूट, ज्यांनी वेरूळचं कैलास लेणं कोरलं, तेही याच कनौजसाठी भांडत होते. 'लांबचा मोठा राजा' म्हटलं की तिथे कनौजचंच नाव येणार, जसं आपल्या गोष्टींत काशी येते. प्रतिहारांच्या वंशावळीत जसधवल हे नाव नाही. शेवटच्या यशःपालाचं नाव कानाला थोडं जवळचं वाटतं, पण तो अकराव्या शतकातला.

आणि मग आला ऑगस्ट २०१९. नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक पेपर छापून आला. हैदराबादचे थंगराज, लखनौचे नीरज राय, हार्वर्डचे डेव्हिड राइश आणि इडन हार्नी, आणि पुन्हा डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी, अशी मोठी टीम होती. या कामाला सुरुवात लालजी सिंगांच्या वेळी, दहा-बारा वर्षं आधीच झाली होती. ३८ व्यक्तींचा पूर्ण जीनोम पातळीवरचा डीएनए काढला आणि प्रत्येक हाडाची वेगळी तारीख घ्यायचा प्रयत्न केला. यात मला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द 'प्रत्येक' हा वाटतो. आधी मूठभर हाडांची तारीख काढून ती सगळ्यांना लावली गेली होती.

निकाल असे. २३ जण भारतीय उपखंडातल्या वंशाचे. १४ जण भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचे, आजच्या ग्रीस आणि क्रीटच्या लोकांशी सर्वांत जास्त जुळणारे. आणि एक जण आग्नेय आशियाई वंशाचा. हो, ग्रीस! दोनदा वाचा हवं तर, मीही वाचलं होतं.

तारखा त्याहून धक्कादायक. भारतीय गट इसवी सन ८०० च्या आगेमागे, पण सगळे एकाच वेळी नाही. सातव्या ते दहाव्या शतकादरम्यान वेगवेगळ्या वेळी मेलेले. आणि भूमध्यवाले आणि तो आग्नेय आशियाई १८०० च्या आसपास, म्हणजे एक हजार वर्षांनंतर. पेशवाई अजून चालू होती त्या काळात!

अजून ऐका. ३८ पैकी २३ पुरुष आणि १५ स्त्रिया. त्यांच्यात जवळचं नातं असलेली एकही जोडी नाही. म्हणजे 'मोठं कुटुंब यात्रेला निघालं' हे चित्र गेलं. भारतीय गटातली माणसंही एका समाजाची नाहीत, उपखंडाच्या निरनिराळ्या भागांतून आल्यासारखी सरमिसळ आहे. त्यांच्या खाण्यातही फरक होता, काहींच्या आहारात ज्वारी-बाजरीसारखी धान्यं भरपूर, काहींच्या कमी. रोगाची साथ म्हणावी तर कुठल्याही रोगजंतूचा माग लागला नाही. आणि गारेसारखे ताजे घाव? ते अगदी मोजक्या कवट्यांवर आहेत. म्हणजे गारपीट झाली असेल, त्यात काही माणसं मेली असतील. पण तळ्यातल्या सगळ्यांचा हिशोब त्या एका वादळावर टाकता येत नाही.

कोकणस्थांचं काय झालं? जुन्या तपासण्यांचा भर मायटोकॉन्ड्रियल डीएनएवर असायचा, जो फक्त आईकडून येतो. म्हणजे आई, तिची आई, तिची आई अशी एकच रेघ. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा भरतात, त्यातल्या एकाच बाईचा माग या पद्धतीने लागतो. बाराशे वर्षांत चाळीसच्या वर पिढ्या होतात. एवढ्या बारीक धाग्यावर आजच्या जातीचं लेबल लावणं म्हणजे एका व्हेरिएबलचं नाव बघून प्रोग्रॅम कोणी लिहिला ते सांगण्यासारखं आहे. त्यातून कोणाची थोरवी सिद्ध होत नाही आणि कोणाची जातही नाही.

आमच्या धंद्यात अशी केस नेहमी येते. सर्व्हर पडला, लॉग फाइल उघडली, शेकडो एरर. टाइमस्टॅम्प नाहीत. नवीन मुलगा लगेच म्हणतो, एक मोठा क्रॅश झालाय. जुना माणूस आधी विचारतो, ही फाइल कधीपासून साफ केलेली नाही? कारण बऱ्याचदा ती एका क्रॅशची कहाणी नसते. वर्षानुवर्षं होत गेलेले वेगवेगळे छोटे क्रॅश एकाच फाइलमध्ये खाली खाली जमा झालेले असतात. रूपकुंड ही तशी फाइल आहे. थंडीमुळे काहीच पुसलं जात नाही. आणि बर्फ, पाणी, घसरणारे दगड सगळी हाडं ढवळून एका जागी आणतात. बघणाऱ्याला वाटतं एकाच रात्रीचा प्रकार आहे.

भूमध्य समुद्राजवळची चौदा माणसं १८०० च्या सुमारास तिथे काय करत होती, याचं उत्तर मिळालेलं नाही. त्यांच्या हाडांतला आहारही वेगळा, भरड धान्यं फारशी नसलेला. असा कुठला जथा हिमालयात गेल्याची लेखी नोंद पुढे आलेली नाही. साठवणीत हाडांची सरमिसळ झाली असेल अशी शंकाही काही अभ्यासकांनी घेतली. एका प्रश्नाचं उत्तर शोधताना दुसरा, त्याहून मोठा प्रश्न हातात आला, असं झालंय खरं.

मग जसधवल आणि बलंपाचं काय उरलं? माझ्या मते बरंच उरलं.

पहिलं म्हणजे यात्रा जुनी असणार. बाराशे वर्षांपूर्वी उपखंडाच्या वेगवेगळ्या भागांतली स्त्री-पुरुष माणसं, शस्त्रांशिवाय, एवढ्या उंचावर कशाला जातील? व्यापाराचा मार्ग तिथून जात नाही. यात्रा हेच सर्वांत साधं कारण दिसतं, आणि त्या भागातल्या देवळांमधले आठव्या ते दहाव्या शतकांतले शिलालेखही याच्याशी जुळतात. गाणं या बाबतीत खरं बोलतं. लांबून माणसं येत होती, बायका येत होत्या, आणि वर मरत होत्या.

दुसरं, ते का मरत होते. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो, म्हणजे प्राणवायूही तेवढाच. मैदानातला माणूस भराभर चढला की डोकं दुखतं, उलट्या होतात, पुढे फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी होऊन जीव जातो. त्यात दुपारनंतर हवा पालटते. चामड्याच्या वहाणा, सुती कपडे, ओल, वारा. थंडीने मरायला वादळही लागत नाही. एवढ्या गोष्टी माणसाला मारायला पुरेशा आहेत. त्यासाठी देवीचा कोप लागत नाही.

आणि तिसरं, ज्यासाठी हा सगळा लेख लिहिला. गाण्यात दोष कोणावर गेला ते बघा. ऐन मोसमाबाहेर निघालेल्या हवेवर नाही, उंचीवर नाही. गर्भार बायकोला वर घेऊन जायचं ठरवणाऱ्या राजावर थोडासा. पण खरा विटाळ कोणाचा? नाचणाऱ्या बायकांचा आणि बाळंत होणाऱ्या राणीचा. सगळ्यांच्या मरणाचं खापर एका बाळंतिणीवर! त्या यात्रेत वरच्या टप्प्यावर बायकांनी जाऊ नये असा दंडक पुढे कित्येक पिढ्या होता, आणि कथा त्या दंडकाला पुरावा म्हणून उभी होती. 'बघा, गेली होती एक, काय झालं?'

आणि तारखा सांगतात की असं काही झालंच नव्हतं. एका राणीच्या बाळंतपणाने शेकडो माणसं मेली नाहीत. ती शतकानुशतकं, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या मुलखांतून येऊन मेली. त्यातल्या शेवटच्या गटाने बलंपाचं नाव ऐकलं होतं की नाही तेही सांगता येत नाही. जिच्यावर इतकी वर्षं आरोप होता ती सुटली, आणि ज्याने सोडवलं तो पुरावा म्हणजे एकेका हाडाला स्वतंत्र विचारलेला साधा प्रश्न. तू कधी मेलास?

आमच्याकडे मोठं आउटेज झालं की नंतर जी मीटिंग होते तिला पोस्टमॉर्टेमच म्हणतात. चांगल्या टीममध्ये तिचा एक नियम असतो. 'कोणी केलं' हा प्रश्न विचारायचा नाही, 'काय काय घडलं, कुठल्या क्रमाने' हा विचारायचा. कारण माणूस सापडला की तपास थांबतो. दोषी मिळाला, सगळे घरी. खरं कारण मात्र तसंच राहतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पडतं. रूपकुंडला हजार वर्षं तेच झालं. दोषी मिळालेला होता, म्हणून हवा, उंची आणि आडोसा नसलेली ती घळ याबद्दल कोणी बोललं नाही. आणि १८०० च्या आसपास पुन्हा माणसं मेली.

आज सह्याद्रीत पावसाळ्यात एखादं जोडपं धबधब्यात वाहून गेलं किंवा कड्यावरून पडलं, की बातमीखाली लोक काय बोलतात ते वाचा. 'कशाला मरायला गेले होते', 'मुलीला घेऊन असल्या ठिकाणी', 'सेल्फीच काढत असणार'. बलंपाचंच गाणं आहे हे, चाल फक्त बदलली. पाणी किती वाजता वाढलं, वरच्या अंगाला पाऊस कधी झाला, परतीची वाट कुठे बंद झाली, आधी त्याच जागी किती जण गेले होते, हे विचारणारे फार थोडे. आणि पुढच्या जोडप्याला उपयोग फक्त याच माहितीचा असतो.

रूपकुंडची फाइलही हळूहळू रिकामी होते आहे. वर्षानुवर्षं ट्रेकर्सनी तिथली हाडं उचलून नेली, आठवण म्हणून. काहींनी कवट्या रचून फोटो काढले. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली, तेव्हा अनेक ट्रेकर्स हळहळले. कुरणांची वाट लागत होती हे खरं कारण. पण हाडांच्या बाजूनेही बघायला हवं. तिथून नेलेलं प्रत्येक हाड म्हणजे एका माणसाची तारीख गेली. ती विचारायला आता कोणालाच जाता येणार नाही. आणि ती तारीख नसली की मग गाणं जे म्हणेल तेच खरं.

कनौजचा राजा खरा असेल किंवा नसेल. राणीबद्दल मात्र आता खात्रीने एक म्हणता येतं. तिची काही चूक नव्हती.